एक टक्क्याची मालकीण

नामाला कुणी फसवू शकत नाही, असं नामाचं स्वतःचं मत होतं, आणि अलिबागकडच्या खारेपाटात ते त्यानं इतक्या वेळा बोलून दाखवलं होतं की लोकांनी कंटाळून तेही मान्य करून टाकलं होतं. उभी हयात ट्रकवर काढलेला माणूस. पनवेलला माल भरला की डिझेल किती, टोल किती, नाक्यावर चहापाण्याचे किती आणि टायर बसलाच तर वर किती, हे तो गाडीला चावी लावायच्या आधी सांगायचा. परत आल्यावर हिशेब जुळायचा. जुळला नाही तर क्लीनरची खैर नसायची.

त्यामुळे किहीमजवळच्या चोंढीला फ्लॅट घ्यायचं ठरलं तेव्हा त्यानं बायकोला, जनीला, छाती फुगवून सांगितलं, “अडतीस लाख. खाडीकडचा तुकडा इकला, एक गाडी इकली. झाला काम. वर तीन लाख बाजूला ठेवलेत. कर्ज न्हाय, उधारी न्हाय.”

गावचं घर तीन भावांचं होतं. तिन्ही संसार एका पडवीत, आणि मोठं उधाण आलं की खाडीचं पाणी विचारायला आल्यासारखं अंगणापर्यंत यायचं. मुलाचं, निकेतचं, लग्न झालं, सून प्राप्ती आली, तशी ती पडवी आणखीच आखूड वाटायला लागली. जनी तोंडानं काही म्हणाली नव्हती. पण किहीमच्या बाजूला कुणाच्या कामाला गेली की तिकडच्या नव्या इमारतींच्या खिडक्या ती मान वर करकरून बघायची, आणि नामाच्या ते नजरेत आलं होतं. नामाला बायकोचं असं न बोललेलं बरंचसं कळायचं. माणगावला गाडी थांबली की तिच्यासाठी काही ना काही घ्यायचाच तो. कधी बांगड्या, कधी नुसती पेरूंची पिशवी.

तर, अडतीस लाख ही फ्लॅटची किंमत असते, घराची नव्हे, हे त्याला बिल्डरच्या ऑफिसात अल्पेशभाईनं समजावलं. अल्पेशभाई गोड माणूस. बोलताना समोरच्याच्या हातावर हात ठेवायचा.

“जुओ नामाभाई, स्टॅम्प ड्युटी तर सरकारची, ती माझ्या खिशात येत नाय. मग रजिस्ट्रेशन. मग वकील. मग मीटर. सोसायटीचं डिपॉझिट, वर्षाचा मेंटेनन्स आगाऊ, आणि छपराखाली पार्किंग पायजे तर त्याचे वेगळे.”

“गाडी उभी करायचे पैसे?” नामा उडालाच. “अवो, सगल्या जल्मात मी गाडी उभीच करत आलोय! कोनी एक रुपया घेतला न्हाय!”

“तो रस्ता होता ने, नामाभाई. आ सोसायटी छे.”

नामा घरी आला तो तोंड पाडून. पण हार मानणारा तो नव्हेच. संध्याकाळी ओट्यावर त्यानं सगळ्यांना बसवलं. प्राप्ती अलिबागच्या एका पतपेढीत कामाला होती, आकड्यांना भिणारी नव्हती. तिनं फोन काढला आणि सासऱ्यानं सांगितलेला एकेक खर्च टाकत गेली. खिडक्यांना ग्रिल आली, पंखे आले, सामान न्यायला गाडी आपलीच म्हणून फक्त डिझेल आलं. पार्किंग नामानं उडवलं. निकेतनं ते परत घातलं. नामानं पुन्हा उडवलं. शेवटी बाजूला ठेवलेल्या तीन लाखांत सगळं बरोब्बर बसलं, तेव्हा नामानं मांडीवर अशी थाप मारली की दारातलं कुत्रं उठून गेलं.

“बसला का न्हाय? नामा म्हंतात मना!”

“आनि घरभरनीला भावकी काय भिंती चाटील?” आत कोलंबी सोलत बसलेल्या जनीनं विचारलं.

नामाचा हिशेब गळायचा तो नेमका इथंच. लग्न असो, बारसं असो, जेवणाचं बायका बघतात, आणि बायका बघतात त्या गोष्टीला पैसे लागत नाहीत, अशी त्याची ठाम समजूत होती. पण घरभरणी चुकवून कसं चालेल? नव्या घरात शिरलास आणि भावकीला घास घातला नाहीस, तर त्या घराचा उल्लेख गावात “ते घर” असाच होतो, नाव घेत नाहीत. पूजेच्या दिवशी गोडाचं, दुसऱ्या दिवशी मटण आणि वडे. जनीनं तिथूनच बोटांवर मोजलं. चाळीसेक हजारांना मरण नव्हतं.

“बाबा, मी देतो ना,” निकेत म्हणाला.

“तू गप. घर माजा, घास माजा.”

नामानं पुन्हा सगळी यादी वाचायला लावली. पंखे काढावेत का? ग्रिल काढावी का? “एकदम ग्रिल काढा नि खिडक्याच इटांनी बुजवा,” जनी म्हणाली, “वारा खायला आपन गावात येव.” निकेत हसला, आणि बापानं डोळे वटारल्यावर खोकला.

मग प्राप्ती जरा सावकाश म्हणाली, “बाबा, एक आहे. घर एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर स्टॅम्प ड्युटीत एक टक्का सूट मिळते.”

“एक टक्क्यानं काय व्हतंय?”

“अडतीस लाखांचा एक टक्का. अडतीस हजार.”

नामाचे डोळे असे लकाकले! म्हणजे बोकड आला, तांदूळ आला, मंडप आला. सरकारच्या पैशानं भावकी जेवणार, याहून गोड गोष्ट त्यानं बऱ्याच दिवसांत ऐकली नव्हती.

“मंग इचार काय करताव? जनीच्या नावावर घेव! गो जने, ऐकलास का? मालकीन झालीस तू!”

जनीचा कोलंबी सोलणारा हात थांबला. “माज्या नावावर कनाला? प्राप्तीच्या नावावर घ्या. शिकलेली हाय ती.”

“नाही हं आई,” प्राप्ती पटकन म्हणाली. “पैसे बाबांचे, तर घर तुमचं.”

“लाजतेय ती,” नामा निकेतला म्हणाला आणि स्वतःच्याच बोलण्यावर खूश झाला.

जनी लाजत नव्हती. तिनं टोपलीतली पुढची कोलंबी उचलली आणि म्हणाली, “बरा. सही कुटं करायची ती सांगा.” एवढंच. एखादीनं आनंदानं निदान दोन प्रश्न तरी विचारले असते, हे नामाच्या तेव्हा लक्षात आलं नाही. तो मनातल्या मनात बोकडाचा भाव करत होता.

गावात गोष्ट लपते होय? दुसऱ्या दिवशी नाक्यावर चहाला गेला तर त्याचा चुलतभाऊ विनेश तयारच होता.

“या नामाशेठ, या! बायकोच्या घरी ऱ्हायला चाललाव म्हनं? या वयात घरजावय? पोशाख काय घेतला सासुरवाडीनं?”

टपरीवरची सगळी माणसं हसली. नामाही हसला, पण चहा त्याला कडू लागला. ट्रकवर ‘नामा’ लिहिलेलं, घराच्या पाटीवर ‘नामा’ लिहिलेलं, आणि आता म्हातारपणी घर बायकोचं! उद्या रागावून ती म्हणाली, चला निघा, तर? असं जनी म्हणणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण म्हणू शकेल, एवढ्यानंच त्यानं कप खाली ठेवला. आणि याच तालावर तो स्वतः तिला आजवर किती वेळा काय काय म्हणाला होता, ते मात्र त्याला आठवलं नाही. पुरुषाला असलं वेळेवर आठवत नाही.

गंमत पुरे झाल्यावर विनेशनं त्याला बाजूला घेतलं. “येडा का खुला तू? आमच्या मेवन्यानं केला तसा कर. सूट घे बायकोच्या नावावर, नि लगेच तिच्याकडना बक्षीसपत्र लिवून घे. बायकोनं नवऱ्याला घर बक्षीस दिला. थोडक्यात काम व्हतंय. घर तुजा, टक्काबी तुजा.”

एका दगडात दोन पक्षी! नामाला ते इतकं पटलं की चहाचे पैसे त्यानं दिले. वकिलाला त्याच दिवशी फोन करून त्यानं दुसरा कागद तयार ठेवायला सांगितला. घरी येऊन मात्र तो ओट्यावर नुसता बसून राहिला. प्राप्तीनं विचारलं, “बाबा, आणखी काही खर्च राहिलाय का? टाकून घेते.”

“न्हाय,” नामा म्हणाला. जन्मात पहिल्यांदाच त्यानं एक खर्च हिशेबातून लपवला. जनीनं त्या रात्री त्याला कोलंबीचं कालवण जरा जास्तच वाढलं, आणि त्यानं ते तिच्याकडे न बघता संपवलं.

नोंदणीच्या दिवशी चौघं अलिबागला गेली. निकेत आणि प्राप्ती साक्षीदार. जनीनं हिरवी काठाची साडी नेसली होती, अंबाड्यात अबोली माळली होती. कचेरीबाहेरच्या बाकावर नंबर येईपर्यंत बसायचं होतं. आतून कुणीतरी नावं पुकारत होतं, वकील प्लास्टिकची फाईल छातीशी धरून उभा होता, आणि नामा त्या फाईलकडे बघायचं टाळत होता.

“मी आलेली हाय असल्या कचेरीत,” जनी एकदम म्हणाली.

“कवा गो?”

“दादांनी मिठागराची सही घेतली तवा. हक्कसोड.”

खारेपाटात हे कुणाला सांगावं लागत नाही. बाप गेला की बहिणींनी बापाच्या जमिनीतला आपला वाटा कागदावर भावांना सोडून द्यायचा, त्याला हक्कसोड म्हणतात. नको म्हणणारी बहीण वाईट ठरते, म्हणून कुणी नको म्हणत नाही. भाऊ त्या दिवशी बहिणीला हॉटेलात जेवू घालतात आणि साडी घेतात. नामानंही आपल्या बहिणीची, गोदूची, अशीच सही घेतली होती. साडी मात्र भारीतली घेतली होती, हे तो अजून चार लोकांत सांगतो.

“मस्त साडी घेतलीनी मना,” जनी सांगत होती, बाजूला बसलेल्या प्राप्तीला. “मिसळ खाल्ली, वर आईस्क्रीम. दादा म्हनला, जने, आनखी काय पायजे ते सांग. मी म्हनले, काय नको.” तिच्या आवाजात तक्रार नव्हती. कुणाच्या तरी लग्नातलं जेवण आठवावं तसं ती आठवत होती. प्राप्तीनं सासूचा हात धरला. नामानं बाकावर जरा जागा बदलली.

नाव पुकारलं. आत गेल्यावर टेबलामागच्या माणसानं मान वर न करता विचारलं, “घेणार कोण?”

नामा सवयीनं पुढे झाला. “मी—” म्हणाला आणि थांबला. प्राप्तीनं सासूला हलकेच पुढे केलं. जनीचा फोटो काढला, यंत्रावर अंगठा घेतला. मग ती सह्या करायला बसली. चौथीपर्यंत शिकलेली, एकेक अक्षर रांगोळीच्या ठिपक्यासारखं जपून ठेवत होती. पानामागून पान. मागचे लोक चुळबुळ करायला लागले, तर निकेतनं वळून त्यांच्याकडे असं बघितलं की ते गप्प झाले.

शेवटची सही झाली. टेबलामागचा माणूस म्हणाला, “झालं मावशी, उठा.”

जनी उठली नाही. पेन हातातच ठेवून तिनं नामाकडे बघितलं. “आता दुसरा द्या.”

“काय दुसरा?”

“दुसरा कागद. तुमच्या नावावर करायचा तो.”

नामानं आधी वकिलाकडे, मग तिच्याकडे बघितलं. “तुना कोन बोलला?”

“कोनी कनाला बोलायला पायजे?” तिनं खरंच नवलानं विचारलं. “बाईच्या नावावर केला म्हंजे मागना दुसरा कागद असनारच ना. आना हिकडं, बसलेच हाय तं करून टाकते. परत कनाला यायचा? भाडा लागतंय.”

तिनं हात पुढे केला. रागानं नाही, रुसून नाही. पंगतीत वाढप्यानं यावं आणि बाईनं ताट पुढं सरकवावं, तितक्या सहज. आणि तो पुढे आलेला हात बघून नामाला लाज वाटली. अशी लाज त्याला उभ्या जन्मात वाटली नव्हती. ना कधी पोलिसानं भर हायवेवर कान धरला तेव्हा, ना टपरीवर. आपण एवढे हुशार, एवढे हिशेबी, मनातली गोष्ट मनातच दडवून बसलेले, आणि या बाईला ती पहिल्या दिवसापासून माहीत होती. तिनं त्याच्यावर संशय घेतला नव्हता. तिनं तसंच असतं असं धरलं होतं, आणि तरीही हिरवी साडी नेसून, फुलं माळून आली होती.

वकील फाईल उघडायला लागला.

“बंद करा ती,” नामा म्हणाला.

“अहो, पण तुम्हीच तर फोन करून—”

“मी येडा हाय म्हनून केला. दुसरा कागद न्हाय. काय बी न्हाय. तुमची फी किती झाली ती सांगा.”

वकिलानं आकडा सांगितला. न वापरलेल्या मालाचे पैसे नामानं कधी कुणाला दिले नव्हते. या वेळी दिले, आणि घासाघीस केली नाही. निकेत बापाकडे बघतच राहिला. जिना उतरताना प्राप्तीनं फोन काढून विचारलं, “बाबा, हे वकिलाचे कशाखाली टाकू?”

“माज्या अकलेखाली टाक,” नामा म्हणाला.

गाडीत नामा दोनदा खाकरला, एकदा म्हणाला की ऊन फार हाय, एकदा म्हणाला की रस्ता बरा केला हाय. जनीनं नुसतं हूं केलं.

चोंढीला अल्पेशभाईनं पेढा भरवला आणि चावी काढून सवयीनं नामापुढे धरली. “त्यांना द्या,” नामा म्हणाला, “मालकीन त्या हायेत.” अल्पेशभाईनं चावी जनीच्या हातात ठेवली. निकेत आणि प्राप्ती मीटर बघायला खाली थांबले, आणि ही दोघं वर गेली.

घर रिकामं होतं, चुन्याचा आणि रंगाचा वास. जनीनं स्वयंपाकघरातला नळ सोडून बघितला, बंद केला. खिडकी उघडली. लांबवर माडांचे शेंडे दिसत होते. मग ती बाहेरच्या खोलीत आली आणि मधोमध फरशीवर मांडी घालून बसली. नामा उगाचच दाराशी उभा राहिला.

“खरंच माजा?” तिनं विचारलं.

“कागद वाच ना.”

“कागद मना वाचता येतंय. तुमी बोला.”

“तुजा हाय. बोललो ना. सगला तुजा.”

ती बराच वेळ फरशीवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, “एक इचारू? दादांना सही दिल्यापासना मी कदी रुसून माहेरी गेले?”

नामा आठवायला लागला. लग्नानंतरची पहिली काही वर्षं तर दर भांडणाला ती निकेतला काखेत मारून बापाच्या घरी जायची आणि नामाला मिठाईचा पुडा घेऊन तिला आणायला जावं लागायचं. मग कधीतरी ते थांबलं. हो, थांबलं खरं. तो तर मित्रांत बढाई मारायचा, आपली बायको कधी रुसून जात नाही म्हणून. तिला समज आली, नाहीतर आपण सुधारलो, यातलं काहीतरी एक झालं असणार, असं त्यानं धरलं होतं.

“न्हाय गेलीस,” तो म्हणाला.

“जानार कुटं? दादा वाईट न्हाय, वैनी वाईट न्हाय. गेले तं जेवायला वाढतील, ऱ्हा म्हंतील. पन पावनी म्हनून गेलेल्या घरात रुसून बसता येत न्हाय वो. रुसायला आपला उंबरा लागतंय. म्हनून रागच गिलला मी. तुमी बोलायचाव, माज्या घरातना चालती हो, नि मी चुलीपुडं जाऊन बसायची.”

नामा आत आला आणि तिच्यासमोर फरशीवर बसला, गुडघे कुरकुरले तरी बसला. माफी मागायची त्याला सवय नव्हती, आणि बायकोला ते ठाऊक होतं, म्हणून तिनं वाटही बघितली नाही. तिनं त्याच्या शर्टाच्या खिशाला लागलेला पेढ्याचा कण झटकला.

“मंग आता?” शेवटी त्यानं विचारलं.

“आता भांडान झाला तं मी न्हाय हलनार. तुमी जायाचा भाईर.”

हिशेबी माणूस तो, राहवलं नाही. “किती येल ऱ्हायाचा भाईर?”

जनीनं विचार केला. “भाकऱ्या व्हईपरेंत,” ती म्हणाली. “नि लांब नका जाऊ.”